बसच्या खिडकीतली ती दोन मिनिटं

सिएटलला असताना मी रोज सकाळी वेस्ट सिएटलहून डाउनटाउनला बसने जायचे. सी लाइनची बस, सात चाळीसची. पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळी बस मोबाइलमध्ये. ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हणून झालं की दिवसभराचं बोलणं संपल्यासारखे सगळे गप्प. मग बस अलास्कन वे व्हायाडक्टवर, म्हणजे काठाने खांबांवर उभ्या केलेल्या दुमजली रस्त्यावर चढायची, वरच्या मजल्यावर, आणि डाव्या हाताला एकदम अख्खी एलियट बे उघडायची. पांढऱ्या-हिरव्या फेरीबोटी, बंदरातल्या केशरी क्रेन, पाण्यापलीकडे ऑलिंपिकचे डोंगर आणि आभाळाची कृपा असेल तर त्यांच्यावरचा बर्फसुद्धा. आणि माना वर व्हायच्या. सगळ्यांच्या. तो कोपऱ्यातला हेडफोनवाला पोरगा, सफाईचे ग्लोव्ह्ज खिशात कोंबून बसलेल्या दोघी बायका, लॅपटॉप मांडीवर घेऊन कोणाला तरी झापणारा एक साहेब, सगळे दोन मिनिटं नुसते बाहेर बघत बसायचे. मग सेनेका स्ट्रीटचा रॅम्प यायचा, बिल्डिंगांची सावली पडायची, की माना परत खाली.

ह्या दोन मिनिटांपायी माझा त्या रस्त्यावर जीव होता. आणि तो रस्ता पाडायलाच पाहिजे हेही मला तेवढंच पटलेलं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं काय, हे नवऱ्याला मला कधीच समजावता आलं नाही. तो स्ट्रक्चरल इंजिनियर. पुलाकडे बघितलं की बाकीच्यांना पूल दिसतो, ह्याला आतल्या सळया दिसतात. पहिल्या आठवड्यात त्याला कौतुकाने त्या बसमधून घेऊन गेले, म्हटलं बघ काय दिसतं, तर हा म्हणाला, "अगं हे खचतंय. आपण भरावावर उभ्या असलेल्या पन्नास-साठ वर्षं जुन्या दुमजली सांगाड्यावरून चाललोय, तुला डोंगर कसले सुचतात?" म्हटलं तू खाली बघ, मी बाहेर बघते.

पण खाली खरंच बघण्यासारखं काही नव्हतं. शनिवार-रविवारी पाहुणे आले की त्यांना वॉटरफ्रंटला न्यायचं म्हणजे आधी त्या व्हायाडक्टखालून जायचं. अंधार, पार्किंग, कबुतरांची घाण, आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी जॉइंटमधून गळणारं पाणी, जे नेमकं कॉलरच्या आत मानेवरच पडायचं. त्याहून वाईट आवाज. गाडी जॉइंटवरून गेली की ढडक-ढडक, ट्रक गेला की ढडाम, आणि हे दोन मजल्यांवर सतत, दिवसाला लाखभर गाड्या. खाली दोन माणसं बोलत असतील तर ती भांडताहेत असं वाटायचं. शहर आणि समुद्र ह्यांच्यात चालत तीन मिनिटांचं अंतर, पण पाहुणे हमखास विचारायचे, इकडून पुढे जायला रस्ता आहे ना नक्की?

म्हणजे वरच्यांना समुद्र आणि खालच्यांना गळकं छप्पर, असा तो हिशोब होता. मला नशिबाने दोन्हीकडचा पास मिळालेला.

आता मुळात पाण्याच्या काठाला, म्हणजे शहरातल्या सगळ्यात देखण्या जागी, असलं धूड उभं करायची बुद्धी लोकांना होते कशी? मला आधी वाटायचं की त्या काळातले इंजिनियर रसिक नसावेत, बस. (घरात एक उदाहरण होतंच.) पण तसं नाहीये ते. तेव्हा पाण्याचा काठ देखणा नव्हताच. तिथे गोद्या होत्या, रेल्वेचे रूळ होते, मासळीचा वास, लाकडाचे ढीग, दारूचे गुत्ते. सभ्य लोक तिकडे फिरकत नसत. आणि जागा बरीचशी सरकारी किंवा बंदराची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी घरं उठवायला नकोत, भरपाईची कटकट नको, भराव टाकून केलेली सपाट लांब पट्टी आयती मिळाली. ट्रक थेट गोदीत उतरवायचे तर ह्याहून सोयीची जागा कुठली? सिएटलने 1953 मध्ये व्हायाडक्टचा पहिला टप्पा उघडला, सॅन फ्रान्सिस्कोचा एम्बार्कडेरो फ्रीवे 1959 चा, बॉस्टनची सेंट्रल आर्टरी 1959 ची, टोरोंटोचा गार्डिनर एक्स्प्रेसवे 1955 ते 1966 असा टप्प्याटप्प्याने. गंमत बघा, ह्याच वर्षांत कंटेनर आले. जहाजं मोठी झाली, त्यांना मोकळी मैदानं लागायला लागली, जुन्या गोद्या ओस पडत गेल्या. ज्या बंदरासाठी रस्ता बांधला ते बंदर रस्त्याचं सिमेंट वाळेपर्यंत दुसरीकडे चालू पडलं. मागे उरला रस्ता, आणि त्याच्या पलीकडे रिकामा झालेला, हळूहळू स्वच्छ होत जाणारा, आणि आता सगळ्यांना हवाहवासा वाटणारा काठ.

म्हणून तर असले रस्ते ठेवायचे की पाडायचे हा प्रश्न इतक्या शहरांत एकदमच आलाय. रस्ते एका पिढीतले, म्हातारेही एकदमच झाले.

बरं, प्रश्न आला म्हणजे शहर बसून विचार करतं, तज्ज्ञ बोलावतं, लोकांना विचारतं आणि मग ठरवतं, असं आपल्याला वाटतं. मी सात वर्षं हे प्रकरण जवळून बघितलं, त्याआधीचं वाचून काढलं, आणि माझं मत असं झालंय की शहर काही ठरवत नाही. पूल ठरवतो.

सॅन फ्रान्सिस्कोचंच घ्या. तिथला दुमजली एम्बार्कडेरो फ्रीवे फेरी बिल्डिंगच्या तोंडासमोरून जायचा, म्हणजे 1898 सालचं घड्याळाच्या मनोऱ्याचं ते सुंदर टर्मिनल काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमागे कोंबलेलं. लोकांना तो इतका खुपला की 1959 मध्येच तिथल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनी, म्हणजे नगरसेवकांनी, पुढचे बरेच नियोजित फ्रीवे रद्द करून टाकले. पण आहे तो पाडायचा का, असं 1986 मध्ये मतदारांना विचारलं तर त्यांनी नाही म्हणून सांगितलं. रोज शिव्या घालू, पण पाडू नका! मग 17 ऑक्टोबर 1989, संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. खाडीपलीकडे ओकलंडमध्ये त्याच धाटणीचा दुमजली सायप्रस व्हायाडक्ट कोसळून 42 माणसं गेली. एम्बार्कडेरो फ्रीवे पडला नाही, पण वापरण्यासारखा राहिला नाही आणि 1991 मध्ये तो पाडायला घेतला. आता तिथे ताडाची झाडं आहेत, जुन्या ट्राम धावतात, फेरी बिल्डिंगसमोर लोक ऊन खात बसतात, आणि इथे फ्रीवे होता असं सांगितलं तर तरुण पोरांना ते आपण रचून सांगतोय असं वाटतं.

न्यूयॉर्कचा किस्सा तर एखाद्याने मुद्दाम लिहावा असा. हडसनच्या काठाने तिथे वेस्ट साइड हायवे होता, उन्नत, देखभालीचा पत्ता नाही. 15 डिसेंबर 1973 ला एक ट्रक त्यावरून जाताना रस्त्याला भगदाड पडून सरळ खाली गेला, आणि त्या ट्रकमध्ये काय होतं, तर रस्ता दुरुस्तीचं डांबर. दुरुस्तीच्या वजनानेच रस्ता गेला. मग तो भाग बंद केला, वर सायकलवाले आणि पळणारे फिरायला लागले, आणि उतरवून टाकायला पुढे दीड दशक लागलं.

सिएटलचं घड्याळ 28 फेब्रुवारी 2001 ला सुरू झालं. निस्क्वालीचा भूकंप, 6.8 तीव्रतेचा. व्हायाडक्ट तडकला, काही इंच खचला, पण उभा राहिला. आणि नुसता तो नाही, त्याच्या पायाशी समुद्राला अडवणारी जी भिंत होती, तिचं लाकूड समुद्री किड्यांनी पोखरलेलं. नवऱ्याने एकदा जेवताना वाटीतल्या भाताने मला समजावलं होतं. हा भात म्हणजे भराव, ही वाटीची कड म्हणजे भिंत, आता जोरात हलवलं आणि कड गेली, तर भात कुठे जाईल? आणि भातात खोचलेला चमचा? त्यानंतर कित्येक दिवस सकाळच्या बसमध्ये मला डोंगर बघताना वाटीतला चमचा आठवायचा. मनुष्य अरसिक असला तरी उदाहरण चांगलं देतो.

आणि एवढं माहीत असून तो रस्ता पुढे अठरा वर्षं चालू होता हो. दर वर्षी दोन वेळा शनिवार-रविवार बंद करून तपासायचे, तडे मोजायचे, परत चालू. भूकंप आला तर आपोआप खाली पडून गाड्या अडवणारी फाटकं बसवली होती. म्हणजे आपल्याला घरातला गॅस गळतोय हे कळलंय, तर आपण काय केलं, अलार्म लावला. मधल्या काळात काय करायचं ह्यावर नुसती चर्चा. 2007 मध्ये लोकांना विचारलं, नवा उन्नत रस्ता हवा की खणून झाकलेला बोगदा हवा? लोकांनी दोन्हीला नाही म्हटलं. मग 2009 मध्ये नेत्यांनी ठरवलं की खोल बोगदा खणू, 2011 मध्ये त्यावर पुन्हा मतदान, ते पास.

बोगद्याचं मशीन जपानहून आलं, साडेसतरा मीटर व्यासाचं, तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं. नाव बर्था, सिएटलच्या 1920 च्या दशकातल्या महिला महापौर बर्था नाइट लँड्स ह्यांच्यावरून. जुलै 2013 मध्ये बाई कामाला लागल्या आणि डिसेंबरमध्ये बंद पडल्या. वाटेत एक लोखंडी पाइप लागला होता, भूकंपानंतरच्या भूजल तपासणीसाठी 2002 मध्ये घातलेला. मशीन त्या पाइपमुळे बिघडलं की त्याला आधीचंच काही होतं ह्यावर नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याला दुरुस्त करायला वरून वेगळी विहीर खणावी लागली आणि दोन वर्षं गेली. ऑफिसात लिफ्ट अडकली की आम्ही म्हणायचो, बर्था झाली. शेवटी एप्रिल 2017 मध्ये ती पलीकडे निघाली. सगळा प्रकल्प तीन अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि बोगद्याला डाउनटाउनमध्ये उतरायला एकही रॅम्प नाही. म्हणजे माझ्या बसला त्याचा उपयोग शून्य.

मासे राहिले. ह्या सगळ्या प्रकरणात मला मासे फार आवडतात. न्यूयॉर्कने त्या मोडलेल्या हायवेच्या जागी वेस्टवे नावाचा भलामोठा प्रकल्प आखला होता, नदीत भराव टाकून त्यातून रस्ता न्यायचा आणि वर पार्क आणि इमारती. मंत्री-संत्री सगळे बाजूने. अडवला कोणी? स्ट्राइप्ड बास नावाच्या माशाने. त्याची पिल्लं हिवाळ्यात तिथल्या जुन्या धक्क्यांच्या आडोशाला राहतात हे नीट तपासलं नव्हतं म्हणून 1982 मध्ये कोर्टाने काम रोखलं आणि 1985 मध्ये प्रकल्पच सोडून दिला. आणि सिएटलने नवी समुद्रभिंत बांधली तेव्हा वरच्या फूटपाथमध्ये काचेचे ठोकळे बसवले, कारण समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्लं काठाकाठाने जातात आणि धक्क्याखालच्या गडद सावलीत शिरायला कचरतात. तर त्यांना ऊन मिळावं म्हणून माणसांच्या फूटपाथला काचा. आम्ही त्या व्हायाडक्टच्या सावलीतून साठ वर्षं मान खाली घालून गेलो, कोणी आमच्यासाठी एक काच बसवली नाही, पण ते जाऊ दे. मला हे वाचून खरंच बरं वाटलं होतं.

आता गाड्यांचं. "मग ह्या सगळ्या गाड्या जाणार कुठे?" हा प्रश्न प्रत्येक सभेत कोणी ना कोणी उठून विचारतोच, आणि तो चुकीचा नाहीये. माझ्या वेस्ट सिएटलच्या शेजारीण आजी, ज्यांनी उभं आयुष्य डिलिव्हरी ट्रक चालवला, त्यांना हा प्रश्न बोचायचा. म्हणायच्या, "तुला ऑफिसला दहा मिनिटं उशीर झाला तर बॉस चहा पितो, ट्रकला झाला तर माझी खेप जाते." बरोबर आहे. ज्याला डाउनटाउनशी काही देणंघेणं नाही, नुसतं दक्षिणेकडून उत्तरेला जायचंय, त्याच्यासाठी तो रस्ता होता.

पण मग जानेवारी 2019 आला. व्हायाडक्ट 11 तारखेला कायमचा बंद होणार आणि बोगदा 4 फेब्रुवारीला उघडणार, मधले साडेतीन आठवडे दोन्ही नाही. शहराने धसका घेतला होता. पेपरवाल्यांनी नाव दिलं व्हायाडूम, म्हणजे प्रलयच. ऑफिसने मेलवर मेल पाठवले. मी पहिल्या दिवशी घाबरून सव्वासहाला घराबाहेर पडले.

आणि प्रलय काही आला नाही. त्रास झाला, नाही असं नाही, माझ्या बसला काही दिवस पंधरा मिनिटं जास्त लागली, पण शहर गुदमरलं वगैरे अजिबात नाही. काही लोक घरून काम करायला लागले, काहींनी वेळा बदलल्या, काही जण सायकलवर आले, काही कामं लोकांनी पुढे ढकलली आणि मग विसरूनच गेले बहुतेक. ट्रॅफिक म्हणजे पाण्याचा लोंढा, एक वाट बंद केली की दुसरीकडून फुटणार, असं आपण धरून चालतो. पण गाडीत माणूस असतो आणि माणूस रोज सकाळी नव्याने ठरवतो. रस्ता असेल तर निघतो, नसेल तर त्याचं काहीतरी जमवतो. सोलमध्ये छंगेछन नावाच्या झऱ्यावरचा उन्नत रस्ता 2003 मध्ये काढला तेव्हाही असाच हाहाकार होणार होता. तिथे आता झरा वाहतो. (झरा म्हणजे, पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. नवऱ्याने हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही त्याला.)

त्या तीन आठवड्यांत मी वॉटर टॅक्सीने जायला लागले. रस्ता बंद म्हणून जादा बोट लावली होती. पहिल्या दिवशी बोट मधल्या पाण्यात आली आणि मी सवयीने डोंगरांकडे बघत होते, तर शेजारचा माणूस उलट्या बाजूला बघत होता. म्हणून मीही वळले. व्हायाडक्ट. रिकामा. इतक्या वर्षांत मी तो बाहेरून असा कधी बघितलाच नव्हता, मी कायम त्याच्या आत. राखाडी, लांबच लांब, दुमजली, आणि त्याच्यावर एकही हालचाल नाही. बोटीचं इंजिन मंद झालं तेव्हा काठाकडून सीगलचा आवाज आला. इतकंच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा किनारा आहे आणि ह्याला स्वतःचा आवाज आहे.

म्हणून मला विचाराल, की असल्या रस्त्याचं करायचं काय, तर माझं म्हणणं एवढंच की आधी बंद करून बघा. पाडू नका, रिपोर्ट नको, कॉम्प्युटरवरचे सिम्युलेशन नको, थ्रीडी चित्रातली ती हसरी, गोरी, फुगे धरलेली कुटुंबं तर मुळीच नकोत. सहा आठवडे बंद करा. तारीख आधी सांगा, बस वाढवा, बोटी वाढवा, मालाच्या ट्रकला वेगळी वेळ द्या, आणि मग बघा काय होतं. सिएटलने 2016 मध्येही, बर्था व्हायाडक्टच्या खालून जात होती तेव्हा, दहाएक दिवस तो बंद ठेवलाच होता. वर्षातून दोनदा तपासणीसाठी बंद व्हायचाच. ह्या प्रत्येक वेळी शहरासमोर उत्तर पडलेलं होतं, कोणी उचललं नाही. तीन अब्ज डॉलर खर्च करायच्या आधी सहा आठवडे फुकट प्रयोग करायला काय हरकत होती? कदाचित बोगदा लागलाच असता. आजींच्या ट्रकसाठी लागला असता. पण मग तो माहितीवर लागला असता, भीतीवर नाही.

आणि बंद केल्यावर जे ओरडतील त्यांचं ऐका, ते उगाच ओरडत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत चायनाटाउनचे व्यापारी फ्रीवे पाडायच्या विरोधात होते, कारण त्यांचं गिऱ्हाईक त्या रॅम्पवरून यायचं. पाडल्यावर आमचा धंदा बसला म्हणून ते ओरडले, पाडायच्या बाजूने उभे राहिलेले महापौर आर्ट अग्नॉस 1991 ची निवडणूक हरले, आणि चायनाटाउनला भुयारी रेल्वेचं स्टेशन मिळालं ते 2022 मध्ये. तीस वर्षांनी! त्या स्टेशनला तिथल्या लढाऊ कार्यकर्त्या रोझ पाक ह्यांचं नाव दिलंय. सोलमध्ये रस्त्याखालचे फेरीवाले उठवून एका जुन्या स्टेडियममध्ये बसवले, आणि पाच वर्षं होतात न होतात तोच ते स्टेडियमही पाडायला काढलं. झऱ्याच्या फोटोत ही माणसं येत नाहीत. पार्कचे फोटो सगळे दुपारी चारच्या उन्हातले असतात.

राहू द्या, पाडू नका, हाही एक रस्ता आहे आणि मी त्याला हसत नाही. टोरोंटोने गार्डिनरखाली 2018 मध्ये बेंटवे म्हणून जागा केली, हिवाळ्यात लोक पिलरांमधून आइस स्केटिंग करतात. छप्पर आयतं आहे ना. मला ती कल्पना भारी वाटते. पण वरचा रस्ता म्हातारा होतच राहतो. थंडीत बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचे तुकडे खाली. पूर्वेकडचा भाग पाडायचा की वळवून ठेवायचा ह्यावर तिथल्या कौन्सिलमध्ये 2015 मध्ये 24 विरुद्ध 21 असं मतदान होऊन ठेवायचा ठरला, आणि 2023 मध्ये तो अख्खा खर्चच शहराने प्रांताच्या गळ्यात घातला. म्हणजे रस्ता ठेवणं हा एकदाचा निर्णय नसतो, तो दरवर्षी नव्याने बिल पाठवतो.

2 फेब्रुवारी 2019 ला आम्हाला व्हायाडक्टवर चालत जाऊ दिलं. निरोप समारंभ म्हणा. आजी पण आल्या होत्या, काठी टेकत, वरच्या डेकवर मधल्या लेनमधून ऐटीत चालत होत्या. एक पोरगी खडूने काँक्रीटवर व्हेल काढत होती. नवरा वाकून जॉइंट बघत होता, मग माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकला आणि पहिल्यांदाच नीट डोंगरांकडे बघितलं त्याने. "हे तू रोज बघायचीस?" म्हटलं हो, दोन मिनिटं. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता हे कोणाला दिसणार?"

हा प्रश्न इंजिनियरने विचारावा! कारण उत्तर मला माहीत होतं. मागच्या बिल्डिंगांतल्या खिडक्यांना. व्हायाडक्टमुळे ज्यांच्या घराला गोंगाट आणि धूळ होती, त्यांना आता समोर थेट समुद्र. शहराने त्यासाठी आसपासच्या मालमत्तावाल्यांकडून 16 कोटी डॉलर वसूल करायचं ठरवलं, तुमची किंमत वाढणार तर वाटा द्या म्हणून, आणि हे मला फार योग्य वाटलं. पण त्या ग्लोव्ह्जवाल्या दोघींना तिकीट काढून मिळणारा तो देखावा गेला तो गेलाच.

त्याच महिन्यात मशीनच्या कात्र्या लागल्या. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसायचं, स्लॅब चावल्यासारखा तुटायचा आणि सळया आतड्यांसारख्या लोंबायच्या. निघालेला राडारोडा त्यांनी पलीकडच्या बॅटरी स्ट्रीटच्या जुन्या बोगद्यात भरून टाकला. व्हायाडक्ट अजून शहरातच आहे म्हणजे, जमिनीखाली गाडलेला. नोव्हेंबरपर्यंत सगळा साफ. तोवर आम्ही सामान बांधलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात परत जाणं झालं. आजी आता नाहीत. सी लाइनची बस पकडली, मुद्दाम डावीकडच्या खिडकीत. बस आता खालून जाते, नव्या अलास्कन वे वरून, आणि तो रस्ता फेरीच्या धक्क्याजवळ इतका रुंद आहे, आठेक लेन, की ओलांडताना मला वाटलं एक हायवे पाडून हा दुसरा आडवा घातलाय की काय. बसमध्ये कोणी मान वर केली नाही. खालून पाणी असं दिसतच नाही फारसं, झाडं आणि माणसं दिसतात. पण उतरून चाललो तर खरंच छान केलंय, खोटं कशाला बोलू. मार्केटपासून काठापर्यंत ओव्हरलूक वॉक म्हणून उतरता जिना-बगिचा केलाय, 2024 मध्ये उघडला, आणि त्याच्या वरच्या टप्प्यावर उभं राहिलं तर ते सगळं परत समोर येतं, क्रेन, बोटी, डोंगर. मी अंदाज घेत होते, बस ह्याच उंचीवरून जायची का? नवरा म्हणाला थोडी खालून. म्हटलं नाही, ह्याच. वाद झाला थोडा.

मग खाली काठावर आलो. काचेच्या ठोकळ्यांच्या फूटपाथवर एक चार-पाच वर्षांचा मुलगा पालथा पडला होता, दोन्ही हातांचा आडोसा करून नाक काचेला लावून. काच धुरकट आहे, आरपार काही दिसत नाही. त्याची आई फोनवर बोलत त्याला उठ उठ करत होती. त्याने मान वर न करताच हात हलवून तिला गप्प केलं. आम्ही त्याला वळसा घालून पुढे गेलो.